हीटर प्लगचा टायमर: आधी मोजा, मग उघडा

डिझेल इंजिन सुरू करण्याआधी त्याला आतून तापवतात ते हीटर प्लग, आणि त्यांना मोजून काही सेकंद करंट देणारी डबी म्हणजे टायमर. उन्हाळाभर हा टायमर मेलेला असला तरी गाडीवाल्याला पत्ता लागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात हवाच पंचेचाळीस अंशांच्या आसपास असते, इंजिन पहिल्याच फिरकीत उचलतं. खरं कळतं ते दिवाळी उलटल्यावर. कापसाची वेचणी जोरात असते, संत्र्याचे क्रेट भरून ठेवलेले असतात, भाजी उजाडायच्या आत नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायची असते, आणि गाडी सेल्फवर सेल्फ खाते, मागून पांढरा धूर सोडते, पण सुरू होत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे जुनं डिझेल इंजिन हीटरशिवाय उचलेल ही आशाच करू नये.

मग गॅरेजमधून ठरलेलं उत्तर येतं: टायमर गेला, नवा टाका.

यातल्या बऱ्याच टायमरांना काहीही झालेलं नसतं. ज्यांना झालेलं असतं त्यांचाही बिघाड ठरावीक जागीच सापडतो: रिलेचा (प्लगचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) जळका कॉन्टॅक्ट, तडकलेला सोल्डर, वाळलेला कपॅसिटर, क्वचित एखादा ट्रान्झिस्टर. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब एवढ्यावर हे काम घरी होतं. मात्र क्रम चुकवू नका. बाहेरचं सगळं मोजून झाल्याशिवाय टायमरची डबी उघडण्यात अर्थ नाही, कारण उघडताना आणि परत बसवताना चांगला टायमरही बिघडू शकतो.

कोणत्या गाडीला हे लागू आहे

हीटर प्लग लागतो तो मुख्यतः प्री-चेंबरच्या इंजिनाला. यात डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं. अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन बावीसास एकच्या आसपास, म्हणजे भरपूर असतं, तरी त्या कप्प्याच्या थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात आणि डिझेल पेट घेत नाही. प्लगचं टोक काही सेकंदांत साडेआठशे अंशांच्या वर जाऊन ही तूट भरून काढतं. प्यूजोच्या बनावटीचं २.१ लिटरचं इंजिन असलेल्या महिंद्राच्या जुन्या जीप, टाटा इंडिकाचं १.४ लिटरचं जुनं इंजिन, आणि ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात त्या टाटा एसचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसी इंजिन, ही सगळी याच जातीची.

ट्रॅक्टरचं इंजिन बहुतेक डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारणारं असतं. ट्रॅक्टर थंडीत उचलत नसेल तर टायमर शोधत बसू नका. बॅटरी, सेल्फ, डिझेल लाइनमधली हवा आणि नोझल पाहा.

कॉमन रेलच्या नव्या गाड्यांनाही पुढचं सारं जसंच्या तसं लावू नका. तिथे रिलेऐवजी मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात, हुकूम ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर देतो, आणि काही प्लग तर १२ व्होल्टचे नसतातच. चार-पाच व्होल्टच्या प्लगला बॅटरीतून थेट बारा दिले की तो जागच्या जागी जळतो.

धूर बघा, मग दिवा

सेल्फ नीट फिरतोय आणि मागून धूर अजिबात नाही, तर सिलिंडरमध्ये डिझेलच पोचत नाही. पंपाचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), फिल्टर, लाइनमधली हवा हे पाहा. हीटरचा यात संबंध नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतोय, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. तेव्हा संशय हीटरवर. इंजिन उचललं पण पहिलं मिनिटभर एकाच सिलिंडरवर अडखळतं, ठोकतं आणि मग सरळ होतं, तर बहुतेक एखाद-दुसरा प्लगच गेलेला असतो. टायमर शाबूत असतो.

डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्यावर मात्र भरवसा ठेवू नका. तो टायमरच्या सर्किटमधून वेगळा पेटतो. दिवा लागला आणि विझला याचा अर्थ टायमरने वेळ मोजली एवढाच. प्लगपर्यंत करंट गेला की नाही हे तो सांगत नाही. उलट दिवा लागत नसेल तर नुसता बल्बही गेलेला असू शकतो.

प्लगच्या पट्टीवर बल्ब

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली उतरत असेल तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल. बाकी सगळं नंतर.

आता बल्बची एक वायर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावा, दुसरी प्लगांना जोडणाऱ्या पट्टीला, आणि कोणाला तरी चावी ऑन करायला सांगा. बल्ब लख्ख पेटला आणि काही सेकंदांनी विझला तर टायमर करंट देतोय. अजिबात पेटला नाही तर पुढचं मोजमाप करा. मंद पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

पण बल्ब जेमतेम पावणेदोन अँपिअर ओढतो. तो पेटला म्हणून प्लगना पुरेसा करंट मिळतोय असं होत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. थंड प्लगचा रेझिस्टन्स साधारण अर्धा ते दीड ओहम. ०.६ ओहमचा प्लग १२ व्होल्टवर पहिल्या क्षणी २० अँपिअर ओढतो. चार प्लग म्हणजे ८० अँपिअर, छोट्या हत्तीचे दोन म्हणजे ४०. टोक तापलं की करंट निम्म्यावर येतो. एवढ्या करंटला अर्ध्या व्होल्टची तूटसुद्धा महाग पडते: ५० अँपिअर जाताना एखाद्या कॉन्टॅक्टवर अर्धा व्होल्ट खाल्ला जात असेल तर त्या एका ठिपक्यावर २५ वॅट उष्णता तयार होते. छोटं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याचंच असतं. सोल्डर वितळतो, प्लास्टिक काळं पडतं ते यामुळे.

म्हणून प्लग जोडलेले असतानाच मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर, काळं प्लगच्या पट्टीवर. चावी ऑन केल्यावर जो आकडा दिसेल तो वाटेत हरवलेला व्होल्टेज. अर्ध्याच्या आत असेल तर उत्तम, एकपर्यंत चालवून घेता येतं. त्यावर गेला तर लाल टोक तिथेच ठेवा आणि काळं मागे मागे आणा: टायमरचं आउटपुट, टायमरचा ३० नंबर (बॅटरीची जाड वायर आत येते ती पिन), फ्यूजची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. जिथे आकडा एकदम पडतो, त्या दोन जागांच्या मध्ये दोष.

हा फ्यूज धातूच्या पट्टीचा असतो. तो वरून चांगला दिसतो आणि मधोमध केसाएवढा तडकलेला असतो. बल्बला करंट देतो, प्लगना देत नाही. काढून उजेडात वाकवून पाहा. बदलताना त्याच आकड्याचा टाका, साधारण ५० ते ८० अँपिअरचा असतो. तिथे तांब्याची जाड तार गुंडाळून काम चालवणं मोठ्या धोक्याचं आहे. एखादा प्लग शॉर्ट झाला तर वायरिंग पेटेल, आणि गाडीत कापूस भरलेला असेल तर पुढचं सांगायला नको.

प्लग तपासणं

प्लगांना जोडणारी पट्टी पूर्ण काढा. नट बहुतेक ७ किंवा ८ नंबरच्या पान्याने निघतात. खाली पडून हरवतात, म्हणून वाटी जवळ ठेवा. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लावून वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी पाहा, ०.२ ते ०.४ ओहम येतो. तो प्रत्येक मोजणीतून वजा करा. प्लगच्या टोकापासून इंजिनापर्यंत अर्धा ते दीड ओहम आला आणि सगळे प्लग सारखे आले तर ठीक. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटली. शून्य म्हणजे शॉर्ट. करंट मोजायला मल्टिमीटरचं १० अँपिअरचं भोक वापरू नका, आतला फ्यूज लगेच जातो. त्यासाठी डीसी क्लॅम्प मीटर लागतो.

प्लग काढायचाच असेल तर इंजिन गरम असताना काढा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. दहा मिलिमीटर आट्यांचा प्लग थंड, गंजलेल्या हेडमध्ये जोर लावला की मोडतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून मार्ग उरत नाही. बाहेर काढलेला प्लग व्हाइसमध्ये घट्ट धरून बॅटरीवर तपासता येतो: बॉडी मायनसला, वरचं टोक प्लसला, जाड वायरीने. लाली आधी टोकाला दिसली पाहिजे, जलद प्रकारच्या प्लगला पाच-सात सेकंदांत. आधी मध्यभागी किंवा बॉडीजवळ लाल होत असेल तर तो टाकून द्या. दहा सेकंदांच्या वर धरू नका. चेहरा दूर ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. खराब प्लगचं टोक फुटतं.

टोक वितळलेलं किंवा खाल्लेलं दिसलं तर नवा प्लग टाकून मोकळे होऊ नका. त्या सिलिंडरचा नोझल धार सोडतोय का, आणि टायमर वेळेवर करंट तोडतोय का, हे दोन्ही पाहा. नाहीतर नवा प्लगही त्याच वाटेने जातो.

टायमरला काय मिळतंय

प्लग चांगले, फ्यूज चांगला, तरी पट्टीवर काही येत नाही. आता टायमरचा सॉकेट काढून त्याच्या पिना तपासा. बऱ्याच टायमरांवर जर्मन पद्धतीचे आकडे असतात: ३० म्हणजे बॅटरीतून कायम प्लस, १५ म्हणजे चावीनंतरचा प्लस, ५० म्हणजे सेल्फ मारताना येणारा प्लस, ३१ म्हणजे अर्थ. आकडे नसतील तर जाड वायर आत, जाड वायर बाहेर, आणि बाकीच्या बारीक, एवढ्यावरूनही वाट सापडते.

३१ तपासताना मल्टिमीटरपेक्षा बल्ब बरा. बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं ३१ च्या पिनेला. लख्ख पेटला पाहिजे. मंद असेल तर अर्थची वायर जिथे बॉडीला आवळली आहे ती जागा पॉलिश पेपरने घासा. आपल्याकडे झडीचे आठ-आठ दिवस आणि नंतर काळ्या मातीची धूळ, यात अर्थचे बोल्ट हमखास गंजतात. टायमर बदलून आणलेल्या गाड्यांत दोष शेवटी एवढ्याशा बोल्टात सापडतो, असं वारंवार दिसतं.

तापमानाचा सेन्सर वेगळा असेल तर तोही मोजा. नेहमीच्या प्रकाराचा सेन्सर २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. म्हणजे गरम झाला की रेझिस्टन्स कमी. त्याची वायर तुटली तर टायमरला इंजिन बर्फासारखं थंड वाटतं आणि तो प्लग फार वेळ तापवतो. वायर बॉडीला टेकली तर इंजिन गरम आहे असं समजून तो तापवतच नाही. गोठ्यात किंवा सरकीच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत ही बारीक वायर उंदीर कुरतडतात. प्लास्टिकची नालीदार नळी चढवली की बराच बचाव होतो.

सगळं आत येतंय आणि बाहेर काही जात नाही, असं ठरलं तरच टायमर दोषी. उघडण्याआधी कान लावा. चावी ऑन केल्यावर रिलेची टिक ऐकू येते आणि तरी आउटपुट नाही, तर कॉन्टॅक्ट किंवा जाड पिनेचा सोल्डर. टिकच नाही, तर ट्रान्झिस्टर, कॉइल किंवा सर्किटचा पुरवठा. टिकटिकटिक असा थरथराट, तर बॅटरी कमी, अर्थ ढिला किंवा पुरवठ्याचा कपॅसिटर वाळलेला. चावी काढली तरी पट्टीवर बल्ब पेटतोच आहे, तर कॉन्टॅक्ट वितळून चिकटलाय. या शेवटच्या प्रकारात बॅटरीची मायनस लगेच सोडा.

आत

बॅटरीची मायनस काढा, टायमर उतरवा, वायरींचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. डबीचे क्लिप चपट्या स्क्रू ड्रायव्हरने एकेक करून उचला. आत काळा, दगडासारखा इपॉक्सी ओतलेला असेल तर नाद सोडा, तो टायमर दुरुस्त होत नाही. रबरासारखा मऊ मसाला असेल तर सुरीने कापून काढता येतो.

बोर्ड उन्हात धरा आणि भिंगातून जाड पिनांच्या भोवतीचा सोल्डर पाहा. पिनेभोवती गोल, केसासारखी काळी रेष दिसली की दोष सापडला. रोज तापणं-थंड होणं, कच्च्या रस्त्याचे धक्के आणि जाड पिनेवर ओढणारी वायर, या तिन्हींमुळे तिथला सोल्डर रिंगणासारखा तुटतो. नुसता वरून आयर्न लावून वितळवू नका. जुना सोल्डर पंपाने किंवा तांब्याच्या वेणीने पूर्ण उपसा, पीन चकचकीत घासा, राळेची पेस्ट लावा आणि ६०/४० चा नवा सोल्डर द्या. जाड पिनेला २५ वॅटचं आयर्न पुरत नाही. सोल्डर गोळीसारखा वर बसतो, आत शिरत नाही. तिथे ६० वॅटचं हवं. बारीक भागांसाठी २५ चं. रेडिएटर किंवा पत्रेकामाचा अॅसिडचा फ्लक्स बोर्डाला लावायचा नाही, तो काही महिन्यांत तांबं खातो. बोर्डावरची तांब्याची वाट जळून उखडली असेल तर तिच्यावर ४ चौरस मिलिमीटरची वायर सोलून पूर्ण लांबीभर सोल्डर करा.

रिलेचं झाकण निघत असेल तर कॉन्टॅक्ट पाहा. काळपट थर असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी मध्ये धरून, कॉन्टॅक्ट बोटाने हलका दाबून, चार-सहा वेळा ओढा. नंतर साधा कोरा कागद ओढून धूळ काढा. तेल, ग्रीस काही लावू नका. मात्र वरचा चांदीचा थर जाऊन आतलं तांबं दिसत असेल, किंवा एका बाजूला खड्डा आणि समोर टेकडी झाली असेल, तर घासून काही दिवसच निघतील.

अशा वेळी मला सगळ्यांत पटणारा उपाय म्हणजे बाहेर मोठा रिले बसवणं. रिलेवर ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं असतात, ३० आणि ८७ कॉन्टॅक्टची. टायमरचं मूळ आउटपुट प्लगना न देता नव्या रिलेच्या ८६ ला द्या, ८५ अर्थला. बॅटरीतून मूळच्या पट्टी फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० ला, आणि ८७ पासून प्लगच्या पट्टीला. चार प्लग असतील तर रिले ७० किंवा ८० अँपिअरचा घ्या. दोन प्लगना ४० चा काठावर चालतो, तरी ७० चाच घेतलेला बरा. जाड वायर १० चौरस मिलिमीटर तांब्याची: दोन मीटर लांबीत ५० अँपिअरला तिच्यात ०.२ व्होल्टपेक्षा कमी हरवतो, तर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास अर्धा. कॉइलच्या वायरी एक चौरस मिलिमीटरच्या पुरतात. कॉइलच्या दोन टोकांमध्ये, ८५ ते ८६, १एन४००७ डायोड टाका, त्याची पांढरी पट्टी ८६ कडे. एवढं केलं की जुन्या टायमरच्या थकलेल्या कॉन्टॅक्टवर जेमतेम ०.१५ अँपिअर येतो, आणि तो अजून बरीच वर्षं काढतो. टायमरच्या ३० ला आता १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. हा मोठा रिले तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. त्या मॉडेलचा नेमका टायमर मिळेलच असं नाही.

टिकच येत नसेल तर ट्रान्झिस्टर पाहा. मल्टिमीटर डायोडवर ठेवून एनपीएन जातीच्या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी बेसवर लाल टोक, एमिटर आणि कलेक्टरवर आळीपाळीने काळं, दोन्हीकडे ०.६ ते ०.७ यायला हवं. कलेक्टर-एमिटरमध्ये कुठल्याही बाजूने काही येता कामा नये. बोर्डात लागलेला असताना आकडे फसवे येतात, म्हणून शंका आली तर उपटून मोजा. बदलताना तोच नंबर टाका. नाहीच मिळाला तर रिलेची कॉइल मोजा: ८० ते १०० ओहम असेल तर तिला ०.१२ ते ०.१५ अँपिअर लागतात, आणि बीसी ३३७ ते सहज पेलतो. बीसी ५४७ मात्र १०० मिलिअँपिअरचाच आहे. तो टाकलात तर लवकरच परत जाईल. पायांचा क्रम डेटाशीटवरून ताडून घ्या. ट्रान्झिस्टर पुन्हा पुन्हा जात असेल तर कॉइलवरचा छोटा डायोड आतून तुटलाय. रिले सुटताना कॉइल उलटा झटका देते, तो गिळायला डायोड नसला की ट्रान्झिस्टर फुटतो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून पाहण्याची सवय असेल तर ती सोडा. त्या एका क्षणात ऑल्टरनेटरचा व्होल्टेज उसळतो आणि टायमरमधले झेनर डायोड, ट्रान्झिस्टर सगळे घेऊन जातो.

वेळ चुकते तेव्हा कपॅसिटर. जुन्या साध्या टायमरात वेळ ठरते ती रेझिस्टर आणि कपॅसिटरच्या गुणाकारावर: २२० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण १० सेकंद. कपॅसिटर वाळून निम्मा उरला की वेळही निम्मी होते; दिवा लवकर विझतो, प्लग अर्धवट तापतात, आणि सगळं चालू असल्यासारखं दिसूनही गाडी उचलत नाही. हा बिघाड आपल्या भागात जास्त होण्याचं कारण ऊन. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात बंद बॉनेटखालची उष्णता बाहेरच्या पंचेचाळीस अंशांच्या कितीतरी वर असते. फुगलेला माथा किंवा बुडाशी चिकट डाग दिसला तर नक्की गेला, पण काही वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. बोर्डावरचे दोन-तीन इलेक्ट्रोलिटिक एकदमच बदला. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट २५ किंवा ३५, आणि अंगावर १०५ अंश छापलेलेच घ्या. ८५ चे आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. मायनसची पट्टी पाहून लावा. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे हे मिळतात, फक्त त्याच्या जुन्या बोर्डावरून उपटलेले घेऊ नका.

टेबलावरची चाचणी

गाडीत लावण्याआधी बाहेर चालवून पाहा. ३१ बॅटरीच्या मायनसला. ३० आणि १५ एका ५ अँपिअरच्या फ्यूजमधून प्लसला. आउटपुट आणि मायनसच्या मध्ये २१ वॅटचा बल्ब. सेन्सरच्या जागी २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. बल्ब पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. मग त्या जागी ३३० ओहमचा लावा. वेळ स्पष्ट कमी व्हायला हवी, काही टायमर तर पेटतच नाहीत आणि ते बरोबर आहे. ५० च्या पिनेला प्लस दिला की बऱ्याच टायमरांत रिले परत ओढतो. असं आठ-दहा वेळा करा, मध्ये मिनिटभर थांबा. एकदाही बल्ब विझला नाही तर तो टायमर गाडीत लावू नका. न तापवणाऱ्या टायमरपेक्षा करंट न तोडणारा टायमर वाईट. सतत तापलेल्या प्लगचं टोक फुगतं आणि मग ते हेडमधून बाहेरही येत नाही.

डबी बंद करताना बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूला पारदर्शक इन्सुलेटिंग वार्निशचा पातळ हात द्या, रिलेच्या आत जाऊ देऊ नका. फटी बुजवायला व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातून सुटणारं अॅसिड तांब्याला गंज आणतं. टायमर बसवताना सॉकेटचं तोंड खाली ठेवा. दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुताना बॉनेट उघडून प्रेशरचा फवारा मारतात, तेव्हा पाणी थेट या सॉकेटात शिरतं. धुण्याआधी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधा.

तोवर गाडी चालवायची असेल तर

टायमर दुरुस्त होईपर्यंत हाताचं बटण लावता येतं: वर सांगितलेलाच मोठा रिले, त्याच्या ८६ ला चावीनंतरचा प्लस एका दाबून धरायच्या बटणातून. बोट काढलं की सुटणारं बटणच हवं. दिव्याच्या स्विचसारखं अडकून राहणारं लावलं तर एखाद्या सकाळी ते चालूच राहतं आणि सगळे प्लग एकदम जातात. पंधरा अंशांच्या आसपास आठ-दहा सेकंद धरा, सहा-सात अंशांना बारा-पंधरा, मग लगेच सेल्फ. नाही उचललं तर अर्धा मिनिट थांबून परत. वीस सेकंदांच्या वर एका दमात धरू नका. प्लग जलद प्रकारचे असतील तर याच्या निम्मा वेळ पुरतो.

स्क्रू ड्रायव्हरने बॅटरी आणि प्लगची पट्टी थेट जोडू नका. ८० अँपिअरची ठिणगी बॅटरीजवळ उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेच्या पाइपात ईथरचा स्प्रे मारणं त्याहून वाईट. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन, रिंग किंवा मॅनिफोल्ड फोडतो. एअर क्लीनरपुढे डिझेलचा पेटता बोळा धरायची पद्धत अजूनही दिसते. शेजारी कापसाची गंजी असो वा नसो, ती बंद व्हायला हवी.

दुरुस्त टायमर बसवल्यावर पहाटेच्या थंड इंजिनावर बॅटरी ते पट्टी हा व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा आणि आकडा टायमरच्या डबीवरच मार्करने तारखेसह लिहून ठेवा. चावी बंद करून लगेच जाड वायरीचे लग (टोकाला दाबून बसवलेल्या कड्या) आणि फ्यूजचे स्क्रू हाताने चाचपा. एखादा गरम लागला तर तो परत उघडून घासा, क्रिम्प नीट दाबा आणि आवळा. पंधरा दिवसांनी सगळे नट एकदा पान्याने पाहा, कारण नवा लग पहिल्या काही दिवसांत बसतो आणि थोडा ढिला होतो. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास तोच आकडा परत मोजा. ०.४ चा ०.८ झाला असेल तर दिवाळीआधीच कॉन्टॅक्ट आणि लग साफ करून घ्या.